त्सुकिशिमा केई : एका संयत व्यक्तिरेखेचा विकास

कथात्मक वाङ्मयातील एखाद्या व्यक्तिरेखेचा ‘विकास’ झाला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या म्हणण्याचा नेमका अर्थ कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सामान्यतः विकास म्हणजे स्वभावाचे परिवर्तन असे गृहीत धरले जाते. आळशी मनुष्य उद्योगी होतो, भित्रा धीट होतो, तुसडा प्रेमळ होतो, आणि वाचकाला एका प्रवासाचे समाधान लाभते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत सपाट व भरीव पात्रांचा जो भेद सांगितला, त्यात भरीव पात्राची कसोटी दुहेरी आहे. ते पात्र वाचकाला चकित करू शकले पाहिजे आणि तसे करताना पटलेही पाहिजे. स्वभावाचे संपूर्ण परिवर्तन चकित करते खरे. परंतु ते पटतेच असे नाही. याच्या उलट, स्वभाव जागच्या जागी ठेवून त्याच्या उपयोगाची दिशा बदलणे हा विकासाचा अधिक अवघड, पण अधिक विश्वसनीय प्रकार होय. फुरुदाते हारुइची यांच्या ‘हाइक्यू’ या जपानी चित्रकथेतील त्सुकिशिमा केई या विद्यार्थी-खेळाडूच्या व्यक्तिरेखेत या दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आढळते. त्या व्यक्तिरेखेची घडण उलगडून दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कृती आणि तिची परंपरा

‘हाइक्यू’ या शब्दाचा जपानी भाषेतील अर्थ व्हॉलीबॉल असाच आहे. ही चित्रकथा ‘साप्ताहिक शोनेन जंप’ या कुमारवयीन वाचकांच्या नियतकालिकातून फेब्रुवारी २०१२ ते जुलै २०२० या काळात ४०२ प्रकरणांत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे ती ४५ खंडांत संगृहीत झाली. २०१४ पासून तिची चलच्चित्रमालिकाही निघाली. कथानक ईशान्य जपानमधील मियागी प्रांतात घडते. कारासुनो नावाच्या काल्पनिक विद्यालयाचा व्हॉलीबॉल संघ एके काळी नामांकित होता. पुढे त्याला उतरती कळा लागली. तेथे नव्याने दाखल झालेले चार विद्यार्थी आणि त्यांचे वरिष्ठ सहकारी मिळून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत मजल मारतात, असा कथेचा स्थूल आराखडा आहे. आठ वर्षे चाललेल्या या कथेचा फार मोठा भाग एका शैक्षणिक वर्षाच्या जेमतेम दहा महिन्यांत घडतो. त्यामुळे एकेका सामन्याला, किंबहुना एकेका गुणाला, पुष्कळ पाने लाभतात आणि मनोव्यापारातील बारीकसारीक फरक टिपण्यास लेखकाला अवकाश मिळतो.

या कथेमागे एक मोठी परंपरा आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला आणि जपानी महिलांच्या संघाने अंतिम लढतीत सोव्हिएत संघावर मात करून सुवर्णपदक मिळवले. त्या संघाचे प्रशिक्षक दाइमात्सु हिरोबुमी यांची अतिकठोर शिकवण त्या काळी घरोघरी चर्चेचा विषय झाली होती. ‘कोन्जो’, म्हणजे हाडामांसात भिनलेली जिद्द, हा शब्द त्यानंतरच्या जपानी क्रीडाकथांचा जणू बीजमंत्रच झाला. उरानो चिकाको यांची १९६८ साली सुरू झालेली ‘अटॅक नंबर वन’ ही व्हॉलीबॉलवरील चित्रकथा या प्रवाहातील ठळक कृती होय. या प्रवाहात कष्ट हे स्वयंसिद्ध मूल्य असते. कष्ट का करावयाचे, असा प्रश्न तेथे विचारला जात नाही. आणि विचारलाच, तर तो विचारणारा दुर्बल किंवा खलप्रवृत्तीचा ठरतो.

त्सुकिशिमा हे पात्र नेमका हाच प्रश्न विचारते आणि लेखक त्याला खलनायक ठरवीत नाही. त्याचा प्रश्न खरा आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे, अशा गांभीर्याने कथा त्याच्याशी वागते. या एका गोष्टीत ‘हाइक्यू’ने परंपरेपासून घेतलेली फारकत दिसून येते.

२. प्रथमदर्शनीचे रूप

कथेच्या आरंभी त्सुकिशिमा पंधरा वर्षांचा आहे. उंची १८८ सेंटिमीटर, डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर सभ्य परंतु बोचरे स्मित. संघात त्याचे स्थान मधल्या ब्लॉकरचे, म्हणजे जाळीजवळ मध्यभागी उभे राहून प्रतिपक्षाचे स्मॅश अडविण्याचे. प्रौढ पुरुषांच्या सामन्यात जाळीची उंची २.४३ मीटर असते. ती लक्षात घेतली असता या मुलाला निसर्गाने काय दिले आहे हे सहज ध्यानी येते. कथेचा नायक हिनाता शोयो याची उंची जेमतेम १६२ सेंटिमीटर. ज्याच्याजवळ उंची आहे त्याला उत्साह नाही, आणि ज्याच्याजवळ उत्साह आहे त्याला उंची नाही, असा विरोध लेखकाने प्रारंभीच उभा केला आहे. नावांतही तो विरोध आहे. ‘हिनाता’ या नावाच्या लिपिचिन्हांत सूर्य आहे. ‘त्सुकिशिमा’च्या चिन्हांत चंद्र आहे, आणि ‘केई’ हे ज्या चिन्हाने लिहिले जाते त्याचा अर्थ काजवा. दोन्ही प्रकाश शीतल आहेत.

त्सुकिशिमाचे वागणे उर्मट म्हणावे असे असते. नवागतांच्या पहिल्याच सराव-लढतीत तो कागेयामा तोबिओ या कुशल सेटरला ‘राजा’ म्हणून डिवचतो. ही पदवी कागेयामाला मागील शाळेतील सहकाऱ्यांनी त्याच्या हुकूमशाही वृत्तीमुळे तिरस्काराने दिलेली होती. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. त्सुकिशिमाची टवाळी कधीही वाऱ्यावरची नसते. समोरच्या माणसाचे नेमके दुखरे स्थान कोठे आहे हे त्याने आधी हेरलेले असते आणि बाण तेथेच लागतो. म्हणजे त्याच्या उपहासाच्या मुळाशी निरीक्षण आहे. तो पाहतो, थांबतो, आणि मग बोलतो.

खेळाच्या बाबतीत मात्र तो ठरवून थोडाच कष्ट करतो. सरावाला नियमितपणे येतो, सांगितले तेवढे करतो आणि वेळ संपताच निघून जातो. सामना हरला तरी तो विशेष खिन्न झालेला दिसत नाही. अखेर हा शाळेतील एक क्लबच तर आहे, एवढी ऊर फुटेस्तोवर धडपड कशासाठी, अशी त्याची भूमिका असते. जपानी विद्यालयांतील क्लब हा विद्यार्थिजीवनाचा केवढा मोठा भाग असतो हे ध्यानी घेतले, म्हणजे या भूमिकेतील धार अधिक जाणवते. ज्या ठिकाणी सर्वस्व ओतण्याची अपेक्षा असते, त्या ठिकाणी हा मुलगा मोजूनमापून देतो.

३. थोरला भाऊ

या वृत्तीचे मूळ कथेच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर उघड होते. त्सुकिशिमाचा थोरला भाऊ आकितेरू हाही व्हॉलीबॉलपटू. कारासुनो ज्या काळी बलाढ्य होते त्या काळी तो त्या शाळेत शिकत होता. लहानग्या केईला भावाचा कोण अभिमान! आपला भाऊ संघाचा आधारस्तंभ आहे असे तो वर्गात सर्वांना सांगत असे, कारण भावाने घरी तसेच सांगितले होते. शेवटी एके दिवशी केई सामना पाहावयास जातो. मैदानावर भाऊ दिसत नाही. तो प्रेक्षकांच्या सज्ज्यात, संघात जागा न मिळालेल्या खेळाडूंसमवेत उभा राहून घोषणा देत असतो. दोघा भावांची दृष्टादृष्ट होते.

या प्रसंगाची रचना मार्मिक आहे. भावाने खोटे सांगितले, एवढाच त्याचा आशय नाही. आकितेरू आळशी नव्हता. त्याने मनापासून कष्ट केले होते. फळ न मिळाल्याचे दुःख एकवेळ सोसता आले असते, परंतु आपल्याकडे डोळे लावून बसलेल्या धाकट्या भावासमोर ते अपयश कबूल करणे त्याला शक्य झाले नाही. केईने पाहिले ते हे की, कष्टाने माणूस केवळ पराभूतच होत नाही, तर तो खोटा आणि लाजिरवाणाही होतो. शिवाय आपल्याच अभिमानाने भावाला खोटे बोलण्यास भाग पाडले, ही बोचही त्या मुलाच्या मनात शिल्लक राहिली असावी, असे पुढील प्रसंगांच्या चित्रणावरून सुचते. ज्याच्यावर इतके प्रेम करावे त्यालाच आपण सापळ्यात पकडतो, हा अनुभव लहान वयात फार जड असतो.

त्या काळच्या कारासुनो संघात बुटक्या अंगकाठीचा एक खेळाडू गाजत होता आणि ‘छोटा राक्षस’ या अर्थाच्या टोपणनावाने तो ओळखला जाई. हिनाताने त्यालाच दूरदर्शनवर पाहिले आणि त्याच क्षणी व्हॉलीबॉलचा ध्यास घेतला. म्हणजे ज्या एका संघाच्या दर्शनाने हिनाताच्या आयुष्यात स्वप्न उगवले, त्याच संघाच्या दर्शनाने त्सुकिशिमाच्या आयुष्यातील स्वप्न मावळले. लेखक या योगायोगावर भाष्य करीत नाही. तो केवळ दोघांना एका मैदानावर शेजारी उभे करतो.

मानसशास्त्रात अपयशाच्या भयाचा विचार पुष्कळ झाला आहे. जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी १९५७ मध्ये यशाची ओढ आणि अपयश टाळण्याची प्रवृत्ती या दोन स्वतंत्र प्रेरणा मानून मनुष्याच्या साहसाचे विवेचन केले. पुढे १९७८ मध्ये स्टीव्हन बर्ग्लास व एडवर्ड जोन्स यांनी स्वतःच्या मार्गात स्वतःच अडथळा निर्माण करण्याच्या वृत्तीकडे लक्ष वेधले. अपयश आलेच, तर त्याचा दोष कुवतीकडे न जाता अडथळ्याकडे जावा, अशी त्यामागील छुपी तजवीज असते. पूर्ण शक्ती न लावणे हा या वृत्तीचाच एक सौम्य प्रकार मानता येईल. ज्याने सर्वस्व पणाला लावलेच नाही, त्याचे सर्वस्व कोणी हरवू शकत नाही. त्सुकिशिमाची उदासीनता या जातीची आहे. मात्र व्यक्तिरेखा म्हणजे रुग्ण नव्हे, आणि अशा संज्ञांची चिठ्ठी तिच्या कपाळी चिकटवल्याने तिचे आकलन पूर्ण होत नाही, हेही विसरता कामा नये. त्सुकिशिमाच्या बाबतीत संज्ञेच्या पलीकडे उरणारी गोष्ट अशी की, त्याचा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने बिनचूक आहे. कितीही कष्ट केले तरी आपल्याहून श्रेष्ठ कोणी ना कोणी असणारच, आणि सर्वांत वरची जागा एकच असते, हे त्याचे म्हणणे कोण खोडून काढणार?

४. यामागुचीचा अधिकार

या युक्तिवादाला धक्का बसतो तो टोकियो परिसरातील शाळांच्या संयुक्त उन्हाळी सराव-शिबिरात. तेथे नेकोमा विद्यालयाचा कर्णधार कुरोओ तेत्सुरो आणि फुकुरोदानी विद्यालयाचा कर्णधार बोकुतो कोतारो हे सायंकाळी जादा सरावासाठी त्सुकिशिमाला ओढून घेतात. असाच राहिलास तर तो बुटका हिनाता तुझ्या पुढे निघून जाईल, अशा अर्थाची थट्टा कुरोओ करतो आणि त्सुकिशिमा मुकाट्याने काढता पाय घेतो. थट्टा जिव्हारी लागली हे त्याच्या निमूटपणावरून कळते.

त्याच रात्री त्याचा बालमित्र यामागुची तादाशी धावत येऊन त्याला जाब विचारतो. लहानपणापासून त्सुकिशिमाच्या सावलीत वावरलेला, त्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारा हा मुलगा प्रथमच त्याची गळपट्टी धरतो. कोणीतरी श्रेष्ठ असणारच, मग धडपड कशाला, या प्रश्नावर यामागुची तर्काने उत्तर देत नाही. स्वाभिमानाखेरीज आणखी कोणते कारण हवे, अशा आशयाचे तो ओरडून सांगतो.

हा प्रसंग वाचकप्रिय आहे आणि त्याची थोरवी बहुधा यामागुचीच्या आवेशात पाहिली जाते. वस्तुतः ती त्याच्या स्थानात आहे. त्या वर्षी दाखल झालेल्या चौघांपैकी प्रमुख सहांत जागा न मिळालेला यामागुची हा एकटाच. म्हणजे पूर्वी आकितेरू जेथे होता नेमक्या तेथेच तो आज उभा आहे. फरक एवढाच की, आकितेरूने आपले स्थान लपवले आणि यामागुची ते लपवीत नाही. एका दुकानदाराकडे, जो पूर्वी कारासुनोचाच खेळाडू होता, जाऊन तो तरंगत जाणाऱ्या सर्व्हिसचे शिक्षण घेतो. सामन्यात केवळ एका सर्व्हिसपुरते बोलावले जाणे आणि तीही चुकल्यावर सर्वांच्या देखत परत जाणे, ही नामुष्कीही तो सोसतो. हीच गोष्ट कुरोओने, प्रशिक्षक उकाई यांनी अथवा खुद्द हिनाताने सांगितली असती, तर तिचा उपयोग झाला नसता. ते सारे जिंकणाऱ्यांच्या बाजूचे होते. बाकावर बसलेल्या मुलालाच ती सांगण्याचा अधिकार होता. कष्ट करूनही मागे राहिलेला माणूस खोटा आणि लाजिरवाणा असलाच पाहिजे असे नाही, याचा जिवंत पुरावा त्सुकिशिमाच्या समोर उभा राहिला, आणि तो पुरावा इतकी वर्षे त्याच्या शेजारूनच चालत आला होता.

यानंतर त्सुकिशिमा कुरोओ आणि बोकुतो यांच्याकडे परत जातो; परंतु सराव मागण्यासाठी नव्हे, तर प्रश्न विचारण्यासाठी. अखेर क्लब तो क्लब, मग तुम्ही एवढे कष्ट का करता? हा तपशील व्यक्तिरेखेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. यामागुचीच्या उद्गाराने तो भारावला असला, तरी त्याचा स्वभाव तसूभरही ढळलेला नाही. त्याला अद्याप कारण हवे आहे. बोकुतोचे उत्तरही उपदेशाचे नाही. सरळ रेषेत मारण्याचा फटका आपल्याला साधत नसे आणि प्रतिपक्षाने त्यामुळे आपल्याला पुरते अडवले होते. सराव केल्यावर पुढील स्पर्धेत त्याच प्रतिपक्षाला तो फटका रोखता आला नाही, असा आपला अनुभव तो सांगतो. त्याच्या मते तसा एखादा क्षण वाट्यास येतो की नाही, यावरच खेळाची गोडी लागणे अवलंबून असते. म्हणजे बोकुतो सिद्धान्त सांगत नाही, प्रयोग सुचवतो. त्सुकिशिमासारख्या चिकित्सक मुलाला पटावे असेच हे उत्तर आहे.

५. ब्लॉकची कला

व्यक्तिरेखेचा पुढील विकास समजण्यासाठी खेळाच्या तंत्राचा थोडा परिचय आवश्यक आहे, कारण लेखकाने मनोव्यापार आणि तंत्र ही दोन अंगे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नाहीत.

ब्लॉक करण्याच्या अनेक पद्धती आहेत. एका पद्धतीत ब्लॉकर स्मॅश मारणाऱ्या खेळाडूवर पैज लावतो आणि त्याच्याबरोबरच उडी घेतो. अंदाज बरोबर ठरला तर चेंडू जागीच अडतो; चुकला तर मैदान मोकळे पडते. दुसऱ्या पद्धतीत ब्लॉकर थांबतो. सेटरच्या हातून चेंडू सुटून त्याची दिशा स्पष्ट झाल्यानंतरच तो हालचाल करतो. या वाचून-ब्लॉक करण्याच्या पद्धतीत क्षणाचा विलंब अटळ असतो आणि दर वेळी चेंडू जागच्या जागी अडवता येत नाही. परंतु तिचा लाभ वेगळा आहे. प्रचलित नियमांनुसार ब्लॉकमधील स्पर्श हा संघाच्या तीन स्पर्शांत धरला जात नाही. बोटांना घासून गेलेला चेंडू वेग गमावतो आणि मागील खेळाडूंना तो सुखाने उचलता येतो. शिवाय ब्लॉकरने एक बाजू निश्चितपणे झाकली, तर चेंडू कोणत्या बाजूने येईल हे मागे उभ्या असलेल्या खेळाडूला आगाऊ कळते. अशा वेळी ब्लॉक ही एकट्याची मर्दुमकी राहत नाही. संपूर्ण बचावाची ती पहिली ओळ होते.

पाहणे, थांबणे आणि मगच कृती करणे या पद्धतीत बसते. त्सुकिशिमाच्या उपहासाचीही रीत हीच होती, हे येथे आठवावे. उतावळेपणाचा अभाव, समोरच्याच्या दुबळेपणावर नजर, स्वतःच्या भावनेवर ताबा, हे जे गुण त्याने दुखापत टाळण्यासाठी कवचासारखे वापरले होते, तेच आता त्याचे हत्यार होतात. ज्या खेळात सर्वजण झेपावण्याची स्तुती करतात, त्या खेळात न झेपावण्यालाही एक मानाचे स्थान आहे, हे त्याला शिबिरातील सायंकाळच्या सरावात उमगते. आपला स्वभाव न सोडता ज्यात शिरता येईल असे दार त्याला सापडले, असे म्हणावयास हरकत नाही.

६. शिराटोरिझावाविरुद्धचा सामना

या साऱ्या तयारीची परीक्षा प्रांतीय अंतिम सामन्यात होते. प्रतिपक्ष शिराटोरिझावा विद्यालय. त्याचा कर्णधार उशिजिमा वाकातोशी हा देशातील अग्रगण्य विद्यार्थी-खेळाडूंपैकी एक. तो डावखुरा असल्याने त्याच्या चेंडूची फिरत निराळी असते आणि बचाव करणाऱ्यांना तिची सवय नसते. त्याच संघातील तेंदो सातोरी हा ब्लॉकर अंतःप्रेरणेवर विसंबून, केवळ अंदाजाने उड्या घेतो आणि त्याचे अंदाज भयंकर रीतीने खरे ठरतात. म्हणजे एकाच जाळीच्या दोन बाजूंना ब्लॉकच्या दोन वृत्ती उभ्या आहेत. तेंदोला ब्लॉक म्हणजे स्वतःच्या आनंदाचा स्फोट. त्सुकिशिमाला ब्लॉक म्हणजे हिशेब.

पहिल्या सेटमध्ये कारासुनोचा पराभव होतो. दुसऱ्या सेटमध्ये त्सुकिशिमा घाई करीत नाही. उशिजिमाचा एकही चेंडू तो धडपणे अडवू शकत नाही, तरी दर वेळी बोटे लागतील, वेग थोडा कमी होईल, हा क्रम तो चिकाटीने चालू ठेवतो. त्याचे खरे लक्ष्य उशिजिमा नसतोच. ते असते शिराटोरिझावाचा सेटर शिराबू. आपण दिलेला चेंडू पुनःपुन्हा वर उचलला जातो आहे, ही अस्वस्थता शिराबूच्या मनात थेंबाथेंबाने साठत जाते. अखेर निर्णायक क्षणी त्याच्या हातून चेंडू किंचित चुकीचा दिला जातो. त्सुकिशिमा त्याच क्षणाची वाट पाहत असतो. तो उशिजिमाचा स्मॅश सरळ खाली पाडतो आणि सेट कारासुनोच्या पदरात पडतो.

त्यानंतर हा नेहमीचा थंड मुलगा मूठ आवळून आरोळी ठोकतो. बोकुतोने सांगितलेला क्षण त्याच्या आयुष्यात आला, आणि आला तो त्याच्याच स्वभावाच्या मार्गाने. आरोळीपूर्वीचे संपूर्ण कृत्य थंड डोक्याचे आहे, आणि या कृत्याच्या जोरावरच ती आरोळी पटते. संयमाची इतकी पाने वाचकाने अनुभवलेली नसती, तर या एका चित्राला काहीच किंमत उरली नसती. प्रेक्षकांत त्या वेळी आकितेरूही असतो. पूर्वी मैदानावरचा भाऊ शोधणारी नजर धाकट्याची होती. आज ती थोरल्याची आहे. शाळा सुटल्यानंतर आकितेरूने खेळ सोडलेला नाही. तो प्रौढांच्या एका साध्या संघात आजही खेळतो. ज्या अपयशाने आपला भाऊ संपला असे केईला वाटत होते, त्या अपयशाने भाऊ संपलेला नव्हताच.

पुढे अखेरच्या सेटमध्ये उशिजिमाच्याच एका फटक्याने त्सुकिशिमाच्या हाताला इजा होते आणि त्याला मैदान सोडावे लागते. बोट बांधून घेऊन तो पुन्हा परततो. मोजूनमापून देणाऱ्या मुलाचे हे परतणे कोणीही मागितलेले नसते. सामना कारासुनो जिंकते.

७. विकासाची मर्यादा आणि तिचे मोल

येथून पुढे त्सुकिशिमा उत्साहमूर्ती होतो काय? मुळीच नाही. त्याचे टोमणे चालूच राहतात, हिनाता-कागेयामा यांच्या धांदलीकडे पाहून तो पूर्वीसारखाच नाक मुरडतो. राष्ट्रीय स्पर्धेत नेकोमाविरुद्धच्या सामन्यात कुरोओ त्याला विचारतो की अलीकडे व्हॉलीबॉल कसा काय वाटतो. त्यावर, तुमच्या कृपेने अगदी क्वचित कधीतरी मौज वाटते, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. ‘अगदी क्वचित’ ही पुस्ती या व्यक्तिरेखेचा प्राण होय. त्या पुस्तीविना ते उत्तर दुसऱ्या कोणाचेही ठरले असते. आणि ‘मौज’ या शब्दाविना ते जुन्या त्सुकिशिमाचे राहिले असते.

एक आक्षेप येथे संभवतो. हा विकास अखेर विजयावर अवलंबून नाही काय? उशिजिमाचा चेंडू अडलाच नसता, तर यामागुचीचे म्हणणे खोटे ठरले असते काय? आक्षेप रास्त आहे. शिबिरातील प्रश्नाचे उत्तर एका यशस्वी क्षणाने देणे ही कुमारकथेच्या चौकटीची सोय आहे, हे नाकारता येत नाही. परंतु लेखकाने कथेच्या शेवटी या आक्षेपाची दखल घेतल्याचे दिसते. राष्ट्रीय स्पर्धेत कारासुनो उपांत्यपूर्व फेरीतच पराभूत होते. पुढे काही वर्षांचा काळ ओलांडून कथा सर्व पात्रांच्या प्रौढपणात शिरते, तेव्हा हिनाता आणि कागेयामा अव्वल श्रेणीच्या व्यावसायिक संघांतून आणि अखेर राष्ट्रीय संघातून खेळताना दिसतात. त्सुकिशिमा मात्र सेंदाई शहराच्या एका दुसऱ्या श्रेणीच्या संघाचा खेळाडू असतो, आणि त्याच शहराच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी करतो.

पंधराव्या वर्षी ज्या वस्तुस्थितीच्या भयाने तो हात आखडता घेत होता, ती वस्तुस्थिती अशा रीतीने पूर्णपणे खरी ठरली आहे. त्याच्याहून श्रेष्ठ खेळाडू आहेत. ते त्याच्याच संघातले होते. तो सर्वांत वरच्या जागी पोहोचलेला नाही. त्याचा तर्क कोणी खोडून काढला नाही, कारण तो खोडण्याजोगा नव्हताच. बदलले ते एवढेच की, त्या तर्कातून खेळ सोडावा हा जो निष्कर्ष निघत होता, तो आता निघत नाही. दिवसा नोकरी करून दुसऱ्या श्रेणीत खेळत राहणारा हा मनुष्य एका अर्थी आपल्या थोरल्या भावाच्याच वाटेने चालला आहे, आणि त्या वाटेवर लपवण्याजोगे काहीही नाही.

व्यक्तिरेखेच्या विकासाविषयी आरंभी जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे उत्तर या उदाहरणापुरते असे देता येईल. त्सुकिशिमाच्या गुणांची यादी पहिल्या प्रकरणांत केली आणि शेवटच्या प्रकरणांत केली, तर दोहोंत फारसा फरक आढळणार नाही. तीच चिकित्सा, तोच उपहास, तीच सावध नजर. पूर्वी ती नजर आपल्याला कोठून लागेल हे पाहण्यात गुंतलेली होती. आता ती चेंडू कोठून येईल हे पाहते. जपानी क्रीडाकथेने पिढ्यान्‌पिढ्या जिद्दीची जी एकच भाषा शिकवली, तिच्याशेजारी फुरुदाते यांनी कमी बोलणाऱ्या माणसांसाठी आणखी एक भाषा ठेवली आहे. वर्गात मागील बाकावर बसणाऱ्या, सर्व काही समजणाऱ्या आणि समजते म्हणूनच हात वर न करणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहण्याची एक न्याय्य दृष्टी त्या भाषेत आहे.